पाचवी खुर्ची

मला तीन वर्षं पत्ते खेळण्याचा पगार मिळत होता. हे वाक्य मी आजवर फारसं कुणाला ऐकवलेलं नाही. नोकरीच्या अर्जात त्या वर्षांपुढे मी 'क्लबमध्ये सहायक' असं लिहिते आणि मुलाखत घेणारे तिथून पुढे सरकतात. संपादकांनी 'तुमच्या कामातले अनुभव लिहा' म्हटलं तेव्हा त्यांच्या मनात माझी आताची शिक्षिकेची नोकरी असणार. पण शाळेतले अनुभव लिहायला महाराष्ट्रात शिक्षक पुष्कळ आहेत. परभणीच्या लेडीज क्लबात पगार घेऊन पोकर खेळणारी बाई मात्र, माझ्या माहितीत, मी एकटीच.

माझे वडील रेल्वेत गार्ड. माझं सगळं बालपण सिकंदराबादला रेल्वेच्या इंग्रजी शाळेत गेलं. वडिलांची बदली पूर्णेला झाली आणि मी परभणीच्या कॉलेजात बी.ए. केलं. मराठी मी घरात बोलत होते, पण चारचौघांत बोलायची सवय नव्हती. शब्द मनात इंग्रजीतून यायचे, ते मराठीत आणेपर्यंत समोरचा माणूस दुसऱ्या विषयावर गेलेला असायचा. त्यामुळे मी गप्प राहायला शिकले. गप्प राहणारी माणसं लोकांना हुशार वाटतात किंवा घमेंडखोर. मला दोन्ही ऐकून घ्यावं लागलं.

आमचं आडनाव गावावरून आलेलं. त्यावरून जात कळत नाही, आणि त्यामुळे आपल्याकडच्या लोकांची फार गैरसोय होते. "कुठले म्हणायचे तुम्ही?" इथपासून सुरुवात होते आणि "तुमच्यात लग्नात काय काय करतात?" इथपर्यंत ते येतात. मी गावाचं नाव सांगायची आणि थांबायची. पुढचं त्यांनी विचारावं. सरळ विचारायचं धाडस मात्र क्वचितच कुणाला होई.

बी.ए. झाल्यावर आमच्या प्राचार्यांनी मला एका मोठ्या साहेबांच्या बंगल्यावर त्यांच्या मुलीची इंग्रजीची शिकवणी घ्यायला पाठवलं. या साहेबांच्या पत्नी, मॅडम, पुण्याच्या. परभणीत येऊन दोन वर्षं झाली तरी त्या बॅगा पूर्ण उघडत नव्हत्या. त्या लेडीज क्लबच्या अध्यक्ष होत्या, कारण त्या पदावर साहेबांची पत्नीच असते. साहेब बदलले की अध्यक्ष बदलते.

क्लब म्हणजे निजामाच्या अमदानीत अधिकाऱ्यांसाठी बांधलेला बैठा बंगला. पुढच्या दालनात पुरुषांची रमी. बाजूच्या, व्हरांडा असलेल्या खोलीत दुपारी बायकांचं टेबल. टेबलाला पाच खुर्च्या. पाचवी खुर्ची एका बँक मॅनेजरच्या पत्नीची होती. त्यांची बदली झाली आणि चौघींना डाव ओका ओका वाटायला लागला. एक दिवस शिकवणी आटोपून मी निघाले तर मॅडम म्हणाल्या, "तुला पत्ते येतात का गं?"

"थोडे."

"चल मग. आज आमची फिफ्थ नाहीये."

अशी मी लागले. क्लबच्या दप्तरी मी वाचनालयाची सहायक होते. वाचनालय म्हणजे एक काचेचं कपाट होतं आणि त्याची किल्ली हरवलेली होती.

हे काम काय असतं ते सांगते. मोठ्या शहरांतल्या पत्त्यांच्या क्लबांत अशी माणसं ठेवतात म्हणे. खुर्ची रिकामी राहिली तर खेळ मंदावतो, म्हणून क्लबच आपल्या माणसाला तिथं बसवतो. त्यानं खेळायचं, पण जिंकायला नव्हे. हरायचं तेही हळूहळू, म्हणजे समोरच्याला आपण हुशार आहोत असं वाटत राहील. ज्या बाईचं घरी भांडण झालंय तिला पहिल्या दोन डावांत काहीतरी मिळू द्यायचं. ज्या बाईची सून माहेरी गेलीय तिच्यासमोर जिंकायचं नाही. पत्ते पिसायचे, वाटायचे, भांडण झालं तर नियम सांगायचा, आणि नियम सांगितल्यावर तो कुणी पाळणार नाही हे धरून चालायचं. हे सगळं मला चांगलं जमत होतं. खोटी नम्रता कशाला? मी त्या टेबलावरची सगळ्यात चांगली खेळाडू होते, आणि ते कुणाला कळू न देणं हेच माझं काम होतं.

पोकर आणला मॅडमनी. साहेबांबरोबर त्या काठमांडूला जाऊन आल्या होत्या आणि तिथल्या कॅसिनोत एक संध्याकाळ बसल्या होत्या. त्या एका संध्याकाळवर त्यांनी पुढची तीन वर्षं काढली. तिथल्या लाल चकत्या त्यांनी पर्समधून आणल्या होत्या. आणल्या म्हणजे परत केल्या नव्हत्या. चकत्या पुरेनात म्हणून सुट्ट्यांच्या जागी चिंचोके धरायचं ठरलं. बायकांच्या टेबलावर पैसे लावायचे नाहीत असा क्लबचा नियम होता, त्यामुळे काठमांडूच्या लाल चकत्या आणि परभणीचे चिंचोके असा आमचा कारभार चाले.

खेळ सोपा आहे. प्रत्येकीला पाच पत्ते. नको असतील ते टाकून एकदाच नवे घ्यायचे. मग चकत्या लावत जायचं. भीती वाटली की पत्ते टाकून बाहेर पडायचं. शेवटपर्यंत दोघी उरल्या तर पत्ते उघडून बघायचे, पण बाकीच्या सगळ्या भिऊन पडल्या तर उरलेलीला पत्ते दाखवावे लागत नाहीत. डाव तिचा. म्हणजे हातात काही नसताना नुसत्या धाकावर जिंकता येतं. हा भाग ऐकल्यावर आमच्या वहिनीसाहेबांना खेळ एकदम आवडला.

वहिनीसाहेब जिंतूरकडच्या एका मोठ्या जमीनदार घरातल्या. त्यांच्या बोलण्यात आग्रह आणि हुकूम यांत फरक नसे. नियमांबाबत मॅडमची आणि त्यांची पहिल्याच दिवशी जुंपली. त्यांना दिवाळीतली तीन पत्ती पाठ. त्यात ओळीनं आलेले पत्ते, म्हणजे सिक्वेन्स, हा एका रंगाच्या पत्त्यांपेक्षा मोठा. पोकरमध्ये उलटं आहे.

"सिक्वेन्स मोठा," वहिनीसाहेब म्हणाल्या. "आमच्या सासऱ्यांच्या काळापासून सिक्वेन्स मोठा हाय."

"अहो, पोकरमध्ये कलर मोठा असतो, वहिनीसाहेब."

"काठमांडूत असंल. परभणीत सिक्वेन्स."

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "कलर मोठा आहे." वहिनीसाहेब माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "पोरीला काय ठाव?" शेवटी असं ठरलं की मॅडम हजर असतील तेव्हा कलर मोठा आणि नसतील तेव्हा सिक्वेन्स. या तहावर दोघीही खूश होत्या. तीन वर्षं तो चालला.

उरलेल्या दोघींपैकी एक शैलाताई, डॉक्टरांच्या पत्नी. पत्ते चांगले आले की त्या गुणगुणायच्या, आणि वाईट आले की यजमानांच्या पेशंटचे आजार सांगायच्या. गावात कुणाला काय झालंय ते मला त्यांच्या वाईट पत्त्यांवरून कळलं. दुसऱ्या जिनिंग फॅक्टरीवाल्यांच्या भाभी. एकादशीला पत्त्याला हात लावायचा नाही असा त्यांचा नेम होता. मग त्या दिवशी मी त्यांचे पत्ते धरायचे, त्यांना दाखवायचे आणि त्या डोळ्यांनी खुणावायच्या. देवाला फसवण्यात एवढे कष्ट घेणारी बाई मी दुसरी पाहिली नाही.

आणि वहिनीसाहेबांची खूण तर मला पहिल्या महिन्यातच सापडली होती. हातात काही नसताना धाक घालायची वेळ आली की त्या प्रेमळ व्हायच्या. "सगळ्यांसाठी चहा सांगा की," असं म्हणायच्या. माळ्याच्या पोरांची चौकशी करायच्या. खरे पत्ते असताना त्यांना माळी दिसतसुद्धा नसे.

पैसे नसल्यामुळे या टेबलाची एक चाल पडली होती. महिन्याच्या शेवटच्या शनिवारी जिच्यापुढे सगळ्यात मोठी रास, तिचा हुकूम. बाकीच्यांनी तो पाळायचाच. हुकूम साधे असत: शैलाताईंनी सर्वांना सुरळीच्या वड्या खायला घालाव्यात, मॅडमनी नऊवारी नेसून यावं, भाभींनी गाणं म्हणावं. मी कधी जिंकतच नसल्यामुळे माझा हुकूम हा विषय निघाला नव्हता.

ही नामांतराची वर्षं होती. विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्या म्हणून मोर्चे निघत, देऊ नका म्हणूनही निघत, बंद होत. बंदच्या दिवशी टेबल हमखास भरायचं, कारण साहेब बंदोबस्तात, दुकानं बंद, घरात काम नाही. मॅडमची जीप सगळ्यांना गोळा करून आणायची. चर्चाही व्हायची. मी पत्ते वाटत असायची.

"नावात काय ठिवलंय म्हणते मी," वहिनीसाहेब म्हणायच्या. "नाव बदलून का पोटं भरतेत? उगं गावात तेढ." याच वहिनीसाहेबांच्या घरी पुतणीच्या लग्नपत्रिकेवर कुणाचं नाव कुणाच्या वर यावं यावरून भाऊबंदकी झाली होती आणि छापलेल्या पत्रिका जाळाव्या लागल्या होत्या. हेही त्यांनीच टेबलावर सांगितलं होतं.

शैलाताई म्हणायच्या, "डिग्री बदलून घ्यावी लागेल का हो सगळ्यांना?" भाभी म्हणायच्या, "जिन बंद ठेवावं लागतं, तेवढं नको." मॅडम म्हणायच्या, "मला दोन्ही बाजू पटतात." आणि मग कुणीतरी माझ्याकडे बघून म्हणायचं, "ह्या पोरीचा चेहरा बघा. काय पत्ते आलेत ते देवालासुद्धा कळायचं नाही." पत्ते खेळून तसा चेहरा होतो असं त्यांना वाटत होतं.

तिसऱ्या वर्षीच्या उन्हाळ्यात एक दिवस वीज गेली होती, म्हणून टेबल व्हरांड्यात काढलं होतं. क्लबच्या कुंपणाबाहेरून मोर्चा आला. निळे झेंडे, घोषणा, पुढे बायका. मेंदीच्या कुंपणावरून डोकी दिसत होती. मॅडमनी शिपायाला फाटक लावायला सांगितलं. आम्ही खेळत राहिलो. म्हणजे पत्ते हातात धरून बसलो.

तेवढ्यात एक आवाज आला.

"अगं माये! तू इथं हायस व्हय?"

माझे मामा. चुडाव्याला प्राथमिक शाळेत शिक्षक. पांढरा शर्ट घामानं अंगाला चिकटलेला, गळ्यात निळा रुमाल. कुंपणाशी थांबून, टाचा उंचावून, अख्ख्या मोर्चाच्या आवाजावर आवाज चढवून त्यांनी हात वर केला. "जय भीम!"

चौघी माझ्याकडे बघत होत्या. माझ्या हातात पाच पत्ते होते. मी कुणाशी मोठ्यानं बोलत नाही. वर्गात मास्तरांनी नाव पुकारलं तरी माझा 'हजर' पहिल्या बाकापर्यंत पोचत नसे. पण तेव्हा माझा आवाज फाटकापर्यंत गेला.

"जय भीम, मामा!"

"जेवलीस का?"

"जेवले!"

"बरं बरं. खेळ खेळ," मामा म्हणाले आणि मोर्चाबरोबर पुढे गेले.

मग शैलाताईंनी विचारलं, "कोण गं ते?"

"माझे मामा."

"अच्छा, अच्छा," भाभी म्हणाल्या आणि आपले चिंचोके मोजायला लागल्या. मॅडम माझ्याकडे बघून हसल्या. दवाखान्यात भेटायला गेलेली माणसं हसतात तसं. वहिनीसाहेबांनी पत्ते खाली ठेवले. "मी पॅक," म्हणाल्या, आणि रुमालानं बोटं पुसली. पत्ते गोळा करताना मी त्यांचे पत्ते उलटून पाहिले. तीन बादशहा होते. तीन वर्षांत जिंकलेला डाव त्यांनी आपणहून टाकला तो हा एकदाच.

उठताना त्या म्हणाल्या, "पत्ते लय मळलेत बाई. दोन्ही जोड घरी नेते, पुसून आणते."

सोमवारी जोड परत आले. मी पिसायला घेतले आणि माझ्या हाताला कळलं. पत्ते फुगले होते. कागदी पत्ते होते ते. पाठीवर निळी जाळी. त्या जाळीवर जागोजागी रंग उतरून पिवळट ठिपके पडले होते. आणि वास येत होता, गोमूत्राचा आणि वर धुपाचा. आमच्या कुटुंबानं हे सगळं मागे टाकलं त्याला माझ्या वयापेक्षा जास्त वर्षं झाली आहेत, पण तो वास ओळखायला मला क्षणही लागला नाही.

मी पत्ते वाटले. चौघींनी उचलले. कुणाच्या काही लक्षात आलं नाही. भाभींना सर्दी होती, आणि मॅडम अत्तर लावून येत. शिवाय खेळणारी बाई पत्त्याचं तोंड बघते. पाठ बघते ती वाटणारी.

मॅडमनी मला बाजूला घेतलं. "हे बघ, मी हे काही मानत नाही. माझ्या घरी तू स्वयंपाकघरात येतेस. पण इथे चार प्रकारच्या बायका असतात. थोडे दिवस पत्ते शैला वाटू दे. तू नुसती खेळ."

"खेळायचं म्हणजे पत्ते हातात घ्यावे लागतील, मॅडम."

"हां. तेही आहेच." त्या विचारात पडल्या. "मग तू असं कर, थोडे दिवस चहाचं बघ."

"चहा?"

"ओह," मॅडम म्हणाल्या. "नाही, चहाचं नको."

माझ्यासाठी कुठलंच काम शिल्लक नव्हतं हे त्यांना त्या क्षणी कळलं असावं, पण त्यावर त्यांचा उपाय 'बघू या' एवढाच होता. एवढ्या शिकलेल्या, एवढ्या भल्या बाईला एक वाक्य बोलायचं होतं आणि ते तिनं साहेबांच्या पुढच्या बदलीपर्यंत लांबवायचं ठरवलं. त्यापेक्षा वहिनीसाहेब बऱ्या. त्यांनी मंगळवारी सगळ्यांसमोर सांगून टाकलं.

"ह्या म्हयन्याचा हुकूम माझा हाय बरं. आत्ताच सांगून ठिवते. पाचवीला दुसरी आणायची. माझ्या भावाची सून जिंतूरहून इथं राहायला आलीय, बसून बसून कटाळायलीय." मग माझ्याकडे वळून, "तुझ्यावर राग न्हाई बरं पोरी. मन स्वच्छ हाय माझं."

"जिंकाल तेव्हा ना," शैलाताई म्हणाल्या.

"जिंकतेच मी."

त्या पगारावर माझं बी.एड. उभं होतं. प्रवेश मिळालेला होता, वडील त्याच वर्षी निवृत्त होणार होते. शनिवारी वहिनीसाहेबांची रास सगळ्यात मोठी ठरली तर मी गेले. मॅडम आड येणार नव्हत्या. हुकूम पाळायचा असतो, म्हणजे निर्णय त्यांना घ्यावाच लागला नसता.

त्या आठवड्यात मी पत्ते पाठ केले. चौकटच्या राणीच्या पाठीवर वाटाण्याएवढा ठिपका. बदाम सत्तीचा डावा कोपरा सुटलेला. किलवरच्या दुर्रीवर ओघळ, पार खालपर्यंत. इस्पिकचा दश्शा कोरा, पण फुगलेला. शुक्रवारपर्यंत अर्ध्याहून जास्त पत्ते मला पाठीवरून वाचता येत होते. ही लबाडी म्हणायची असेल तर म्हणा. खुणा मी केल्या नव्हत्या. माझा हात लागला म्हणून ज्यांनी पत्ते धुऊन घेतले, त्यांनीच ते माझ्यासाठी उघडे करून ठेवले होते.

शनिवारी मी पहिल्यांदा कामाच्या विरुद्ध खेळले, म्हणजे जिंकायला खेळले. सावकाश. भाभी लवकर संपल्या. शैलाताई दुपारभर कुणाच्या तरी मूतखड्याबद्दल सांगत होत्या, म्हणजे पत्ते येत नव्हते. मॅडमची रास तिसरी. शेवटच्या डावाला वहिनीसाहेबांची रास सगळ्यात मोठी होती आणि तिच्याखालोखाल माझी.

"आज पोरीला पत्ते यायलेत," भाभी म्हणाल्या.

मी वाटले. माझ्याकडे नव्व्यांची जोडी आली. बदलून घेतल्यावरही तेवढंच राहिलं. वहिनीसाहेबांनी पत्ते बदललेच नाहीत. म्हणजे हात पुरा आहे असं दाखवलं. मग चकत्यांची एक चळत पुढे सरकवली. शैलाताई पडल्या, भाभी पडल्या. मॅडमनी सुस्कारा टाकून पत्ते ठेवले. माझी पाळी आली तेव्हा मी त्या चळतीवर आणखी एक चढवली. वहिनीसाहेबांनी उरलेलं सगळं, चिंचोक्यांसकट, मधे लोटलं.

त्यांच्या बोटांत पाच पत्ते माझ्याकडे पाठ करून उभे होते. वाटाण्याएवढा ठिपका. सुटलेला कोपरा. ओघळ. फुगलेला कोरा. पाचवा मला वाचता येत नव्हता. चौघांत कुणाचं कुणाशी नातं नव्हतं. पाचव्यानं फार तर एक जोडी झाली असती, आणि ती राणीची किंवा दश्श्याची असती तर मी गेले असते.

"आज उकडायलंय लय," वहिनीसाहेब म्हणाल्या. "सरबत सांगा की सगळ्यांना. आणि त्या माळ्यालाबी द्या, बिचारा सकाळपासून उन्हात हाय."

मी माझ्याजवळचं सगळं पुढे केलं आणि म्हटलं, "दाखवा."

"अगं, विचार कर," मॅडम म्हणाल्या.

"दाखवा, वहिनीसाहेब."

राणी, दश्शा, सत्ती, दुर्री आणि एक पंजी. काही नाही. मी नव्वे उघडले.

शैलाताईंनी टाळी वाजवली. भाभी "हाय राम" म्हणाल्या. वहिनीसाहेब पत्त्यांकडे बघत राहिल्या. मी चकत्या ओढून घेतल्या. आणि तेव्हाच शैलाताई पत्ते गोळा करायला वाकल्या आणि म्हणाल्या, "हे काय आहे? ह्या राणीच्या पाठीवर डाग आहे बघा. ह्याच्यावर पण. अगं बाई, सगळ्यांवरच आहेत!"

पत्ते उलटेपालटे झाले. डोकी एकत्र आली. मी जागची हलले नाही.

"पत्ते तर वहिनीसाहेबांनी घरी नेले होते," भाभी हळूच म्हणाल्या.

"खुणा करून आणल्या की काय?" शैलाताई हसत म्हणाल्या, पण पुरतं हसू नव्हतं त्यात. मॅडमचा चेहरा उतरला होता. अध्यक्ष म्हणून त्यांना आता खरंच काहीतरी बोलावं लागणार होतं.

वहिनीसाहेब लालबुंद झाल्या. "आमी? आमी लबाडी करू? चिंचोक्यासाठी?"

"मग हे डाग कसले?"

"अहो, ते..." त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग मॅडमकडे. "ते गोमूत्र शिंपडलंय. चार थेंब. तुमाला म्हाइत हाय की सगळं. माझं घर देवाधर्माचं. दुसरं तिसरं काही न्हाई, आईशप्पथ!"

मला वाटलं, आता काहीतरी होईल.

झालं ते असं की टेबलावरच्या सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. भाभी म्हणाल्या, "हो का! मी तर घाबरलेच." शैलाताई खो खो हसल्या, "अहो मग पुसायचं तरी नीट! मी आठवडाभर त्या हातानं बिस्किटं खाल्ली." वहिनीसाहेबही हसल्या, पदरानं डोळे टिपत. मॅडम म्हणाल्या, "ओह गॉड, वहिनीसाहेब, मला सांगायचं ना. मी नवीन जोड मागवला असता." आणि त्यांच्या चेहऱ्यावर रंग परत आला. पत्त्यांवर खुणा करणं ही त्या टेबलावर बेअब्रू होती. माझ्यामागून पत्ते शुद्ध करून घेणं हा खुलासा होता. तो मिळाल्याबरोबर सगळ्या पुन्हा चांगल्या घरच्या बायका झाल्या.

"अगं, आणि हिचा हुकूम राहिला की!" शैलाताई म्हणाल्या. "माग गं काहीतरी. वहिनीसाहेबांकडून पुरणपोळ्या माग."

"सांग," मॅडम प्रेमानं म्हणाल्या. "आता तुला कुणी हलवत नाही. तू जिंकलीस."

मी म्हटलं, "ही पाचवी खुर्ची रिकामी ठेवायची. तिथं कुणाला बसवायचं नाही."

"म्हणजे तू सोडून ना?"

"मलाही नाही."

"वेडी आहेस का? बी.एड.चं काय?" हे मॅडमना ठाऊक होतं तर. आठवडाभर त्यांना ते ठाऊक होतं.

"हुकूम पाळायचा असतो," मी म्हटलं आणि पर्स उचलली. व्हरांड्याच्या पायऱ्या उतरताना मागून वहिनीसाहेबांचा आवाज आला, "लय ताठा हाय बाई!" तेवढं एक वाक्य त्या टेबलावर माझ्याबद्दल खरं बोललं गेलं.

माझं बी.एड. एक वर्ष लांबलं. त्याची हळहळ आहे. खेळाचीही आहे, हे कबूल करते. नव्व्यांच्या जोडीवर सगळं पुढे सरकवण्यात जी मजा आहे ती इंग्रजीचे पेपर तपासण्यात नाही. पोकर हा वाईट खेळ नाही. वाईट माणसांबरोबरही तो चांगला राहतो.

गेल्या वर्षी मी शिकवते त्या सोनपेठच्या शाळेत आरोग्य तपासणीला डॉक्टर आले होते, त्यांच्याबरोबर शैलाताई होत्या. थोड्या जाड झाल्या आहेत. मला मिठी मारली. नामांतर झालं त्याबद्दल माझं अभिनंदन केलं, जणू माझ्या घरी मुलगा झाला होता. मग हात हातात घेऊन म्हणाल्या, "तुझा हुकूम आम्ही पाळला बरं का."

"किती दिवस?"

"अगं, सोमवारपर्यंत. मग काय, चौघींत मजाच येईना. वहिनीसाहेबांच्या भावाची सून येते आता."

हुकूम मी शनिवारी दिला होता. रविवारी क्लब बंद असायचा.